पिंपळगावची वेलांटी

खामगावहून पिंपळगाव राजाला जाणाऱ्या एस. टी.ची रंगवलेली पाटी डोळ्यांसमोर आणा. पिवळ्यावर काळी किंवा पांढऱ्यावर लाल, रंगाऱ्याने हाताने काढलेली. रंगारी आधी काय काढतो? वेलांटी. मग तिच्या पोटात प, मग वर अनुस्वार. आता हीच पाटी दुसरीतल्या एखाद्या मुलाला फोड करून वाचायला सांगा. ते म्हणेल, ‘प ला पहिली वेलांटी पि, पि वर अनुस्वार पिं.’ म्हणजे लिहिणारा वेलांटीपासून सुरुवात करतो आणि वाचणारा प पासून. शिकवताना आपल्याला ही विसंगती कधी खटकत नाही, कारण चार-सहा महिन्यांत मूल ती पचवते. यंत्राला मात्र ती पचवायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

ही विसंगती कोणी सोडवली, कशी सोडवली आणि त्यासाठी तंत्रशिक्षणाच्या एका संस्थेत एका चित्रकाराला, त्यातही कवी असलेल्या चित्रकाराला, प्राध्यापक म्हणून का बोलवावे लागले, हा या लेखाचा विषय आहे. आयआयटी म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षा आठवते. कलेचा विषय निघाला तर फार तर १९७१ पासून भरणारा ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव. पण तिथल्या कलेचा एक भाग महोत्सवाच्या मांडवात नव्हे, तर संशोधनाच्या टेबलावर घडला आणि तो आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

थोडे मागे जाऊ. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा जुळाऱ्याच्या पुढ्यात खणाखणांच्या पेट्या असत. इंग्रजी जुळवायला मोठी आणि लहान लिपी, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभर-सव्वाशे प्रकारचे खिळे पुरत. मराठीला काहीशे लागत. कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे ही सगळी अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे बसतात, आणि खिळा तर चौकोनी ठोकळा! एका पद्धतीत वरच्या-खालच्या चिन्हांचे बारीक तुकडे वेगळे ओतून अक्षराला जोडत. दुसऱ्या पद्धतीत अक्षर आणि त्याचे चिन्ह एकसंध ओतत, तिला ‘अखंड’ म्हणत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप पाहिले म्हणजे या कारागिरांनी काय साधले ते कळते. पण ती सुबकता मिळे ती खिळ्यांच्या संख्येच्या आणि जुळाऱ्याच्या कष्टांच्या जोरावर.

त्यामुळे लिपी यंत्राच्या मापाने कापावी, असा विचार पुढे येणे साहजिक होते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली, इ, ई, उ, ऊ यांना वेगळे खिळे नकोत, अ लाच वेलांटी आणि उकार द्यावेत, म्हणजे तेवढी बचत. पुढे टंकलेखन यंत्र आले. त्याला तर चाळीस-पंचेचाळीस कळांत सगळे बसवायचे होते. तिथे टंकलेखक आधी वेलांटीची कळ दाबत असे आणि मग प ची. यंत्राला ‘पि’ ठाऊक नव्हता. त्याला फक्त कागदावर डावीकडून उजवीकडे ठसे उमटवता येत होते. ही तडजोड आम्हाला त्या काळाच्या मानाने योग्यच वाटते. घोटाळा झाला तो संगणक आल्यावरही काही जण टंकलेखन यंत्राच्याच डोक्याने विचार करत राहिले म्हणून. तो पुढे येईल.

आता पवईला जाऊ. मुंबईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली, युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या साहाय्याने. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन अशा शाखांच्या या परिसरात १९६९ साली ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ नावाचा विभाग उघडला गेला. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा वाटा मोठा. ते मुंबईच्या जे. जे. चे विद्यार्थी आणि नंतर जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन-शाळेत शिकून आलेले. वस्तू चालते एवढे पुरेसे नाही, ती वापरणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला आणि सवयीला जुळली पाहिजे, आणि हे जुळवणे अभ्यासाने शिकता येते, हा उल्मचा आग्रह होता. देशात त्या वेळी कारखाने उभे राहत होते, वस्तू तयार होत होत्या. त्यांना रूप देणारी माणसे मात्र बहुधा परदेशी नमुन्यांची नक्कल करत होती. म्हणून हा विभाग.

१९८३ साली या विभागात र. कृ. जोशी शिकवायला आले. रघुनाथ कृष्ण जोशी, जन्म १९३६. शिक्षण जे. जे. मध्ये, नंतर दोन तपांहून अधिक काळ जाहिरातीच्या क्षेत्रात कलादिग्दर्शक. मराठीत ज्याला दृश्यकविता म्हणतात, म्हणजे अक्षरांच्या मांडणीतूनच जिचा अर्थ उमटतो अशी कविता, ती लिहिणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक. सुलेखन हा त्यांचा ध्यास. अभियांत्रिकीची पदवी नाही, संगणकाचे शिक्षण नाही. अशा माणसाला आयआयटीत जागा मिळावी ही आजही सहज घडणारी गोष्ट नाही. १९९६ पर्यंत ते तिथे शिकवत होते.

योगायोग असा की १९८३ हेच साल आणखी दोन ठिकाणी महत्त्वाचे ठरले. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या पुढाकाराने देवनागरी संगणकाचे काम बरीच वर्षे चालले होते. मोहन तांबे यांच्यासारखे तरुण अभियंते त्यात होते. या गटाने तयार केलेले देवनागरी टर्मिनल १९८३ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांसमोर आले. आणि तिकडे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मुंबईचे संशोधक पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डला त्या काळी डोनाल्ड क्नूथ हे गणिती ‘मेटाफाँट’ नावाची संगणकी भाषा घडवत होते. तिच्यात अक्षर हे चित्र म्हणून नव्हे, तर एका कल्पित लेखणीचा प्रवास म्हणून सांगायचे असते. क्नूथ यांनी या कामासाठी हेरमान त्साप्फ या जर्मन सुलेखनकाराची साथ घेतली होती. म्हणजे गणिती आणि सुलेखनकार एकाच मेजावर बसण्याची गरज तिथेही पडली होतीच.

कानपूरच्या गटाचा खरा शोध कोणता, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी वेलांटीचे कोडे उलट्या बाजूने सोडवले. संगणकाच्या पोटात साठवायचे ते फक्त उच्चाराच्या क्रमाने: आधी प, मग वेलांटी, मग अनुस्वार. पडद्यावर दाखवायची वेळ आली की यंत्रानेच नियम लावून वेलांटी उचलून प च्या आधी ठेवायची, जोडाक्षर असेल तर ते जुळवायचे, रफार योग्य जागी चढवायचा. लिहिणाऱ्याने दुसरीतल्या मुलासारखी फोड करावी आणि रंगाऱ्याचे काम यंत्राने करावे, असा हा करार. एकदा हे मान्य केले की शेकडो खिळ्यांची गरज संपते आणि कळफलकावर स्वर आणि व्यंजने एवढीच पुरतात. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक १९८६ साली ठरला तो याच तत्त्वावर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने.

यात एवढे विशेष ते काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. समजा संगणकाने वेलांटी आधी आणि अक्षर नंतर असे साठवले. आता नावे अकारविल्हे लावायला सांगा. किरण, दिलीप, निर्मला, विठ्ठल, शिवाजी ही पाचही मुले आपापल्या अक्षराखाली न जाता एकाच ठिकाणी, वेलांटीच्या खणात, गोळा होतील. कमल आणि काशिनाथ क मध्ये, किरण मात्र भलतीकडेच! मतदारयादी, सातबारा, ग्रंथालयाची सूची, सगळीकडे हेच. आणि आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव सराई आहे. नाशकाकडे पिंपळगाव बसवंत. यातले नेमके एक शोधून द्या असे यंत्राला सांगायचे तर ते नाव यंत्राला शब्द म्हणून कळले पाहिजे, ठशांची ओळ म्हणून नव्हे. अक्षर दिसणे वेगळे आणि अक्षर असणे वेगळे, हा भेद इथे यंत्राच्या पातळीवर केला गेला.

तांबे आणि त्यांचे हे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले आणि ‘जिस्ट’ या नावाने देशभर पसरले. त्याच तत्त्वावर ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली तयार झाली, तिला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. जगातील सर्व लिप्यांना सामावणारी ‘युनिकोड’ ही प्रणाली १९९१ मध्येच आली, आणि तिच्यातील देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. युनिकोडमध्ये प चा क्रमांक २३४६, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, अनुस्वाराचा २३०६. ‘पिं’ म्हणजे हे तीन आकडे, याच क्रमाने.

इथे एक गंमत नोंदवली पाहिजे. जोशी यांनी तरुणपणी ‘देशनागरी’ नावाची एक लिपी रचली होती. सर्व भारतीय भाषा एकाच वळणाच्या अक्षरांत लिहिता याव्यात, ही त्यामागची ओढ. ती लिपी लोकांनी स्वीकारली नाही, आणि आमच्या मते ते बरेच झाले. तमिळ माणसाने आपले गोल अक्षर का सोडावे? पण तीच ओढ संकेतांच्या पातळीवर पुरी झाली. युनिकोडमध्ये देवनागरी क २३२५ वर आहे. त्यात १२८ मिळवा, बंगाली क मिळतो. पुन्हा १२८ मिळवा, गुरुमुखी क. आणखी १२८, गुजराती क. वर्गात ही बेरीज फळ्यावर करून दाखवण्यासारखी आहे. रूपे वेगवेगळी राहिली आणि वर्णमालेचा सांगाडा एकच निघाला.

संकेत ठरले तरी रूपाचा प्रश्न उरतोच. पडद्यावर उमटणारे अक्षर कोणी काढायचे? सुरुवातीच्या पडद्यावर आणि टिकल्यांच्या छपाईयंत्रांवर जी देवनागरी उमटे ती पाहून जुन्या जुळाऱ्यांना वाईट वाटले असेल. शिरोरेषा तुटलेली, क्ष आणि ज्ञ ओळखू न येणारे. अभियंत्यांनी नियम अचूक लिहिले होते, पण प चा पोट किती फुगवावा, ठ चा गोल दांड्यापासून किती लांब लोंबावा, हे नियमात नव्हते. ते हातात होते.

म्हणून पवईत जोशी विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवण्याआधी लेखणी धरायला लावत. देवनागरीचे जाड-बारीकपण हे सजावट म्हणून आलेले नाही. ते बोरूच्या तिरक्या कापातून आलेले आहे, आणि तो काप रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट आहे. हे शिकवायला बोरू हवाच असे नाही. दोन पेन्सिली शेजारी ठेवून रबरबँडने बांधा. डाव्या पेन्सिलीचे टोक कागदावर थोडे वर आणि उजव्या पेन्सिलीचे थोडे खाली येईल असे धरा, मनगट न फिरवता एक मोठा ठ काढा. हात डावीकडून उजवीकडे खाली उतरतो तेव्हा दोन रेघा एकमेकींत मिसळतात. उजवीकडून डावीकडे खाली येतो तेव्हा फाकतात. मधली जागा रंगवली की जुन्या पुस्तकातला ठ दिसू लागतो. आता टोके उलट धरून, म्हणजे डावे खाली आणि उजवे वर, तोच ठ काढा. आकार बरोबर असूनही तो परका वाटतो. का, ते मुलांनाच सांगू द्या. इंग्रजी ओ मात्र याच दुसऱ्या पकडीत चांगला येतो.

हाताचे हे ज्ञान संगणकाला कसे द्यायचे? जोशी यांनी यासाठी जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेतील संशोधकांबरोबर काम केले. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. ‘विन्यास’ हे मुद्राक्षरे रेखाटण्याचे संगणकी साधन या सहकार्यातून आले. यातला एक-एक आकार म्हणजे वक्ररेषांचे गणित असते: काही ठरावीक बिंदू आणि त्यांच्यामधून जाणारी वळणे. बिंदू कुठे ठेवायचे हे गणित सांगत नाही. त्यासाठी शेकडो वेळा प काढलेला हात जवळ बसलेला असावा लागतो.

आता तो घोटाळा. नव्वदच्या दशकात छपाईच्या दुकानांत संगणक आले आणि मराठी मजकूर झपाट्याने त्यांवर जुळू लागला. पण बहुतेक अक्षरसंच हे टंकलेखन यंत्राच्या डोक्याने बनवलेले होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवायचे आणि ठसे एकापुढे एक ठेवायचे, एवढेच. शिवाय प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळ्या जागी. एका दुकानात जुळवलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा दिसे. आमच्यापैकी अनेकांनी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो चिवडा पाहिलेला आहे. त्या काळातले किती तरी साहित्य, स्मरणिका, अहवाल आजही त्या संचांत अडकून पडले आहेत. ते छापील दिसतात देखणे, पण त्यांत एक शब्द शोधायचा म्हटला तर यंत्राला तो सापडत नाही.

सुटका झाली ती दोन धागे एकत्र आल्यावर. उच्चाराच्या क्रमाने साठवलेले संकेत एका बाजूला, आणि कोणत्या संकेतांच्या जुळणीतून कोणते रूप निघावे याचे नियम ज्याच्या पोटातच असतात असा अक्षरसंच दुसऱ्या बाजूला. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ बरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ नावाचा असा संच आला. तो जोशी यांचा. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली इतर भारतीय लिप्यांचेही संच तयार झाले. मंगलला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि छापील पानावर तो रुक्ष दिसतो हे आम्हालाही मान्य आहे. पण त्या काळच्या ठिपक्याठिपक्यांच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावा यासाठी तो काढलेला होता, लग्नपत्रिकेसाठी नव्हे. एका सुलेखनकाराने आपली सगळी नजाकत बाजूला ठेवून वाचणाऱ्याची सोय पाहिली, हे त्याचे मोठेपण आम्हाला नजाकतीहून अधिक वाटते. जोशी २००८ साली गेले.

सगळे मिटले असे मात्र नाही. देवनागरी म्हणजे हिंदी, असे गृहीत धरून बनवलेल्या संचांत मराठीची काही वळणे हरवली. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन त्यांच्या जागी दंडाचा ल आणि गाठीचा श सर्रास दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे रूप ठरवून दिले, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श यांचा आग्रह आहे. म्हणजे फळ्यावर आपण जो ल काढतो आणि मुलांना पडद्यावर जो दिसतो त्यांत फरक असेल, तर चूक मुलाची नाही. तशीच गोष्ट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरातल्या खोल जागा; उच्चार वेगळा, रूप वेगळे. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही, म्हणून अनेक साधनांत तो कसा उमटवायचा हेच लोकांना सापडत नसे. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली.

पवईतले काम पुढे चालू राहिले. देवनागरी मुद्राक्षरांच्या अवयवांची, म्हणजे दांडा, पोट, गाठ, शिरोरेषा यांची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा गिरीश दळवी यांचा पीएच.डी. प्रबंध आयडीसीत २०१० साली पूर्ण झाला. त्याच विभागात तमिळ अक्षरांवर संशोधन करणारे उदयकुमार यांनी रुपयाचे चिन्ह रेखाटले; केंद्रीय मंत्रिमंडळाने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्या चिन्हातला र आणि वरची शिरोरेषा विद्यार्थ्यांना ओळखायला लावा, लगेच ओळखतात. एका तमिळभाषक संशोधकाने ती मुंबईत बसून काढली, हे मात्र त्यांना सांगावे लागते.

शाळेत संगणक असेल, नसेल तर कोणाच्याही फोनवर, एवढे करून पाहा. युनिकोडमध्ये ‘पिं’ एवढेच लिहा. मुलांना विचारा, आता खोडण्याची कळ एकेकदा दाबली तर आधी काय जाईल? बहुतेक जण म्हणतील, शेवटी प दिसतो आहे, म्हणजे प आधी जाईल. कळ दाबा. आधी अनुस्वार जातो. पुन्हा दाबा. बहुतेक यंत्रांवर, समोर उभी असलेली वेलांटी नाहीशी होते आणि प तसाच उभा राहतो.